कॉलेजचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? आधी ‘कॉलेजचा’ म्हणजे काय ते ठरवू

‘महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी दिलेला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण?’ हा प्रश्न आमच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये कोणत्याही टेबलावर टाकून बघा. पहिला कटिंग संपायच्या आत गावसकर येतात. मग कुणीतरी पोदार कॉलेजचं नाव घेऊन वेंगसरकर आणि शास्त्री काढतं. टेबलावर कोल्हापूरकडचा कुणी असेल तर खाशाबा जाधव. मराठवाड्याचा अभिमान जागा झाला की औरंगाबादेत जन्मलेले इक्बाल सिद्दिकी आणि बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर. अर्ध्या तासाने बघाल तर सगळे कसोटीतल्या सरासरीवर भांडत असतात. ‘कॉलेज’ हा शब्द केव्हाच बशीखाली गेलेला असतो.

हा वाद मला आवडतो. असे वाद घालणारी माणसं खेळावर खरंच प्रेम करत असतात. पण माझं संशोधन खेळातल्या नोंदींवर आहे: कुणाची कामगिरी लिहून ठेवली गेली, कुणाची नाही, आणि त्यामुळे आपल्या डोक्यातला इतिहास कसा एका अंगाला कलतो. त्या नजरेने बघितलं तर आपल्या या वादात एक मोठी गफलत दिसते. आपण कॉलेजच्या खेळाडूंची यादी करतोय असं म्हणतो आणि प्रत्यक्षात करतो ती पुढे प्रसिद्ध झालेल्या, आणि वाटेत कधीतरी कॉलेजात नाव घातलेल्या माणसांची यादी. या दोन अगदी वेगळ्या याद्या आहेत.

तिकडे हा वाद कसा घालतात

कॉलेजच्या खेळाडूंवरून सगळ्यात कडाक्याचे वाद होतात अमेरिकेत, त्यांच्या फुटबॉलवरून. हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. तिथे दरवर्षी कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइजमन ट्रॉफी देतात. सुरुवात १९३५ मध्ये झाली. पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर. पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड करायला सुरुवात केली, तेव्हा त्यात सर्वांत पहिलं नाव याच बर्वांगरचं होतं. आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! तरी कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात त्याचं नाव पक्कं आहे.

आर्ची ग्रिफिन हे दुसरं नाव. ओहायो स्टेटच्या या खेळाडूने १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं ती ट्रॉफी जिंकली. दोनदा जिंकणारा तो एकटाच. व्यावसायिक कारकीर्द त्या मानाने साधी झाली. पण ‘पुढे काय दिवे लावले?’ असा प्रश्न तिकडे या वादात चालत नाही. बॅरी सँडर्सने १९८८ च्या एका मोसमात चेंडू घेऊन २,६२८ यार्ड धाव घेतली. तो पुढेही फार मोठा झाला, पण कॉलेजच्या वादात त्याचं नाव येतं ते त्या एका मोसमामुळे.

हे त्यांना जमतं याची कारणं दोन. पहिलं, त्यांच्याकडे नोंदी आहेत. कोण कोणाविरुद्ध किती धावला हे जुन्या मोसमांचंही सापडतं. दुसरं, शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक लीगमध्ये जाताच येत नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मोठा खेळाडू कॉलेजच्या मैदानातूनच पुढे जातो. तिथे कॉलेज हा खेळाचा स्वतंत्र मुक्काम आहे. आपल्याकडे तसं आहे का?

३२४, ३२७ आणि ४५१

एके काळी थोडंफार होतं. योगायोग बघा, हाइजमन सुरू झाली त्याच १९३५–३६ च्या हंगामात आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. मुंबई विद्यापीठाने तो सर्वाधिक वेळा जिंकला. परदेशी संघ दौऱ्यावर आला की भारतीय विद्यापीठांच्या संयुक्त संघाशी त्याचा सामना होई. विद्यापीठातल्या धावा निवड समितीच्या कानावर जात. अजित वाडेकरांनी या स्पर्धेत ३२४ धावांची खेळी केली होती. पुढे सेंट झेवियर्सच्या सुनील गावसकरांनी ३२७ करून तो आकडा मागे टाकला. १९७१ मध्ये गावसकर वेस्ट इंडिजला गेले तेव्हा त्यांच्या नावावर रणजीचे सामने मोजकेच होते. तिथे ४ कसोटींत ७७४ धावा, सरासरी १५४.८०. बाकी तुम्हाला पाठ आहे.

आता माझा मुद्दा. कँटीनमधल्या किती जणांना ३२७ हा आकडा माहीत असतो? ७७४ सगळ्यांना माहीत असतो. म्हणजे गावसकरांना आपण कॉलेजचा श्रेष्ठ खेळाडू म्हणतो ते पोर्ट ऑफ स्पेनमुळे. कॉलेजातली कामगिरी आपण नंतर मागे जाऊन, पुरावा म्हणून जोडतो. पुढची सगळी कारकीर्द झाकून ठेवली तर आपल्या हातात काय उरतं? दोन मोठ्या खेळ्या. आणि त्यावरून तीन धावांनी गावसकर वाडेकरांपेक्षा मोठे, असं कुणी म्हणणार नाही.

नुसत्या आकड्यावर जायचं तर जालन्याच्या विजय झोलने १९ वर्षांखालच्या कुचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या होत्या. पुढे २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधारही होता. मग तो वाडेकर-गावसकरांच्या पुढे का? लगेच कुणीतरी म्हणेल, ‘अरे, समोर गोलंदाज कोण होते ते बघ.’ अगदी बरोबर. पण हाच प्रश्न ३२४ ला आणि ३२७ ला आपण विचारत नाही.

इथे स्टीफन जे गूल्ड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचा एक विचार कामाला येतो. उत्क्रांतीवर लिहिणारा हा माणूस बेसबॉलचा भक्त होता. बेसबॉलमध्ये एका मोसमात ०.४०० च्या वरची सरासरी १९४१ नंतर मोठ्या लीगमध्ये कुणाला गाठता आली नाही. टेड विल्यम्सची ०.४०६ ही शेवटची. लोक म्हणायचे, जुने खेळाडू मोठे होते, आताचे लेचेपेचे. गूल्डने आकडे मांडून उलट दाखवलं. खेळाचा दर्जा वाढत गेला तशी सगळ्यात चांगल्या आणि साधारण खेळाडूमधली दरी कमी होत गेली. दरी कमी झाली की कुणीच फार वर निघून जाऊ शकत नाही. साध्या भाषेत सांगायचं तर वर्गातली सगळी पोरं अभ्यासाला लागली की पहिल्या आणि दहाव्या नंबरात दोनच मार्कांचा फरक उरतो. पहिला आलेला तेवढाच हुशार असतो, पण आता तो उठून दिसत नाही.

आंतरविद्यापीठ सामन्यात हीच दरी प्रचंड असते. एका बाजूला मुंबईच्या मैदानांवर आणि कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर घासून तयार झालेला फलंदाज, आणि दुसऱ्या बाजूला कदाचित परीक्षा सांभाळून आठवडाभर सराव केलेला गोलंदाज. तिथे त्रिशतक निघतं तेव्हा ते फलंदाजाच्या गुणाइतकंच त्या दरीचंही माप असतं. याने गावसकर लहान होत नाहीत. त्यांचं मोठेपण मोजायला ही पट्टी अपुरी आहे, एवढंच.

कॉलेजने नेमकं काय केलं?

गावसकर आणि वाडेकर घडले ते मुंबईच्या मैदानांवर, क्लबांत, आंतरशालेय स्पर्धांत. कॉलेजच्या वाट्याला हा खेळाडू आला तोच बऱ्यापैकी तयार होऊन. आपल्याकडे बहुतेक वेळा असंच होतं. तालमीने पैलवान घडवायचा, संघाने कबड्डीपटू घडवायचा, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत बनियनवर नाव कॉलेजचं. आता तर क्रिकेटने ही वाटही बदलली आहे. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून गेला. त्या वयात बाकीची मुलं बारावीच्या निकालाची आणि प्रवेशाची चिंता करत असतात. या वाटेवर कॉलेज लागतच नाही.

म्हणून मला वाटतं, ‘कॉलेजचा सर्वांत मोठा खेळाडू’ ठरवताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. कॉलेजात असतानाच्या वर्षांत त्याने काय केलं? ते करताना समोर कोण होतं आणि हाताशी काय होतं? आणि त्याच्या अडीच्या वेळी कॉलेज मागे उभं राहिलं का? तिसरा प्रश्न आपल्या वादात कधीच येत नाही. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण कॉलेजने काहीच केलं नसेल तर त्या खेळाडूला ‘कॉलेजचा’ म्हणायचं तरी कशाला?

या तिन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देणारा माणूस मला एकच दिसतो. खाशाबा जाधव.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. वडील दादासाहेब पैलवान. टिळक हायस्कूलमधून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. अंगाने छोटा. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्याचं नाव घ्यायला तिथले क्रीडाशिक्षक तयार नव्हते, तो प्राचार्यांकडे गेला आणि मग त्याने आपल्यापेक्षा थोराड मुलांना चीत केलं, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडन ऑलिंपिकला गेला. लाल मातीत वाढलेला पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजमधले त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे ७,००० रुपये! २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं, लिअँडर पेसचं. मधे ४४ वर्षं.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला: ‘अरे, त्यांना घडवलं तालमीने, कॉलेजने नव्हे.’ खरं आहे. पण घडवणं एक आणि ऐन वेळी पाठीशी उभं राहणं वेगळं. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा दुसरा प्राचार्य मला माहीत नाही. ‘कॉलेजचा खेळाडू’ या शब्दांना मराठी मुलखात काही अर्थ असेल तर तो इथे सापडतो. दुसरा: ‘कोल्हापूरला शाहू महाराजांपासून कुस्तीला राजाश्रय होता, खासबाग मैदान होतं. दुसरीकडच्या मुलाला हे कुठून मिळणार?’ हा आक्षेप जास्त खोल जातो. त्यासाठी आपल्याला ‘सर्वकालीन’ या शब्दाकडे वळावं लागेल.

‘सर्वकालीन’ म्हणजे कुणाचा काळ?

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आपलं विद्यापीठ १९५८ चं. मधे शंभर वर्षं आणि एक. १९३५ मध्ये रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि औरंगाबादेत इंटरमिजिएटपर्यंतचं एक सरकारी कॉलेज होतं. पुढे शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, तेच आजचं नागसेनवनातलं मिलिंद. तेव्हा कुठे मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या, विशेषतः दलित घरांतल्या मुलांना कॉलेजचं दार दिसलं. म्हणजे आपण जेव्हा ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ म्हणतो तेव्हा मुंबईच्या मुलाचा ‘सर्व काळ’ आणि जालन्याच्या मुलाचा ‘सर्व काळ’ सारखा नसतो. मुलींचा तर त्याहून आखूड.

आणि काही माणसं या यादीत येऊच शकत नव्हती. पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले, तेही जातीवरून झालेल्या बऱ्याच ओढाताणीनंतर. बाळूंची यत्ता मैदानावरच झाली. कॉलेजच्या यादीत त्यांना जागा नाही आणि नियमाने ते बरोबरच आहे. पण यादी वाचताना एवढं लक्षात ठेवायला हवं की ‘कॉलेज’ ही अट लावली त्या क्षणी आपण एक दार बंद केलं, आणि ते दार कुणासाठी बंद होतं हे आपल्याला माहीत आहे.

संशोधनात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. बाजारातून फक्त गोड आंबे घरी आणायचे आणि मग म्हणायचं, सगळे आंबे गोडच असतात! पेटीत जे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल पेटी बघून काही सांगता येत नाही.

खो-खोची एक ओळ

इथवर आल्यावर कुणी म्हणेल, झालं ते झालं, जुन्या नोंदी आता कुठून आणणार? पण हे आजही चालू आहे, म्हणून तर लिहितोय.

आजच्या मराठवाड्यात जागतिक दर्जाचा खेळ कोणता खेळला जातो असं विचारलं तर मी बिनदिक्कत खो-खो म्हणेन. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा विजेत्या महिला संघाची कर्णधार होती मूळची बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. कँटीनमधल्या वादात ही नावं किती वेळा येतात? मी तरी ती आपणहून कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. प्रत्येक वेळी मलाच काढावी लागतात.

गंमत अशी की खो-खोत नोंद ठेवणं क्रिकेटइतकंच सोपं आहे. तुम्ही मराठी पेपरातली बातमी वाचली असेल: खेळाडूचं नाव, पुढे कंसात संरक्षणाची वेळ मिनिटं-सेकंदांत, आणि आक्रमणात बाद केलेले गडी. एका ओळीत अख्खी कामगिरी. अडीच मिनिटं पळून चार गडी बाद करणारी मुलगी त्या दिवशी मैदानावर काय होती हे त्या ओळीतून कळतं. गुणलेखकाच्या तक्त्यात तर प्रत्येकीचा हिशेब असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतही हा तक्ता भरतात. मग स्पर्धा संपते, तक्ता फायलीत जातो, फाइल कपाटात जाते, आणि मुलीच्या हातात उरतं एक प्रमाणपत्र. त्यावर लिहिलेलं असतं: सहभाग, किंवा प्रथम, द्वितीय, तृतीय.

राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्र तपासलं जातं. संघ पहिला आला की राखीव म्हणून बाकावर बसलेली आणि तीन मिनिटं नाबाद राहिलेली, दोघींचा कागद सारखाच. पाचव्या आलेल्या संघातली एकटीने झुंजलेली मुलगी तर कागदावर नसतेच. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या राज्यात गाजून गेली आहेत. सामन्याचा तक्ता जिथे शोधता येतो तिथे खोटं प्रमाणपत्र टिकवणं अवघड जातं, हा आणखी एक फायदा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ सामन्यांचे तक्ते स्कॅन करून संकेतस्थळावर टाकावेत. नवं काही लिहायचं नाही, लिहिलेलं फेकायचं नाही. मोबाइलवर फोटो काढून चढवण्याइतकं हे काम. दहा वर्षांनी कुणी धाराशिवच्या आणि बीडच्या मुलींची तुलना करायला बसला तर त्याच्याकडे आठवणींपलीकडे काहीतरी असेल.

तोवर माझं मत खाशाबांना. पण त्याच्या पुढे मी पेन्सिलने लिहून ठेवतो: ‘ज्यांची नोंद आहे त्यांच्यापैकी.’ तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा, भांडायला मी तयार आहे. अट एकच. तुमच्या खेळाडूने पदवी मिळण्याआधी काय केलं तेवढंच सांगायचं. बघा, यादी किती लवकर आटते.